एकच अल्बम, तोही जन्मभर

प्रश्न : वडिलांच्या जुन्या रेकॉर्डी वाटून घेताना आम्हा बहीणभावांत वाद झाला. आयुष्यभर एकच अल्बम ऐकायचा, तर कोणता ठेवायचा? मला गाण्यांचा हवा. भाऊ म्हणतो, कुठलाही घे, महिन्याभरात कंटाळशील. तुम्ही कोणता ठेवाल?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : 'कॉल ऑफ द व्हॅली'. लगेच सांगू शकते, कारण आमच्या घरात हे प्रत्यक्ष झालंय. वडिलांनी रेकॉर्ड प्लेअर घेतला, तेव्हा पैसे उरले ते एका एलपीपुरते. पुढची दोन वर्षं घरात तेवढी एकच रेकॉर्ड होती.

एचएमव्हीनं ती १९६७ साली ध्वनिमुद्रित केली. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी (दोघंही तेव्हा तिशीच्या आतले), ब्रिजभूषण काबरांची गिटार आणि तबल्यावर आपले माणिकराव पोपटकर. निर्मिती जी. एन. जोशींची, म्हणजे 'रानारानात गेली बाई शीळ' गाणारे तेच. काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस त्यात पहाटेपासून रात्रीपर्यंत, त्या त्या वेळेच्या रागांतून उलगडतो : अहिर भैरव, नट भैरव, पिलू, भूप, देस, पहाडी. सगळं मिळून जेमतेम चाळीस मिनिटं.

आई गाणं शिकलेली. तिनं पहिल्याच आठवड्यात दंडक घातला : ज्या वेळेचा राग, त्याच वेळी वाजणार. सकाळी दूध येईपर्यंत भैरव, मग सुई उचलायची आणि रेकॉर्ड पाकिटात. देवापाशी दिवा लागला की भूप. एकदा शाळेतून आल्या आल्या मी पहिली बाजू सुरुवातीपासून लावली, तर स्वयंपाकघरातून हाक, "अगं, चार वाजता कसली पहाट? पिलू लाव." दोन रागांमधल्या त्या बारीक गुळगुळीत पट्टीवर सुई अलगद टेकवायला मी तेव्हा शिकले.

तुमच्या भावाचं खोटं नाही. सलग वाजवत राहिलात, तर हेही विटेल. पण दिवसाकाठी दहा-बारा मिनिटंच कानावर पडलं की उद्याची ओढ राहते. आणि कान तयार होतो, तसं नवं सापडत जातं. पहिल्याच तुकड्यात अहिर भैरवातून नट भैरवात जाताना कोमल रिषभ (रे) आणि कोमल निषाद (नी) चढून शुद्ध होतात, धैवत (ध) मात्र उतरून कोमल होतो. बाकीचे स्वर जागच्या जागी. आईनं पेटीवर हे दाखवलं, तेव्हा मी नववीत होते. त्या जागी आजही माझ्या हातातलं काम थांबतं.

गाण्यांचा अल्बम मी जन्मभरासाठी घेणार नाही. शब्दांवर माझा जीव आहे, पण शब्द एका वयाला चिकटतात. विसाव्या वर्षी रडवलेलं गाणं पन्नाशीत मला विसाव्या वर्षातच नेऊन सोडतं. संतूर तसं करत नाही.

शेवटच्या आजारात आई रात्र रात्र जागी असायची. तेव्हा घरात सीडी आली होती. देस लावला की पांघरुणावर तिची बोटं ठेका धरायची. पहाडी संपली की म्हणायची, "आता पहाटेपर्यंत काही लावू नकोस."

मी अजूनही लावत नाही.