3डी पार्टच्या एसटीएल फाइलमधलं भोक मोठं करायचं आहे, पण क्लिक केलं की नुसते त्रिकोण सिलेक्ट होतात. फ्रीकॅड या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये त्याचं सॉलिड, म्हणजे बदल करता येणारा भरीव आकार, कसं करू?

त्रिकोणच सिलेक्ट होणार, कारण एसटीएलमध्ये दुसरं काही नसतंच. भोक, फिलेट (गोलाई दिलेली कड), स्केच हे सगळं एक्सपोर्ट करतानाच गळून जातं. एककसुद्धा उरत नाही. पार्ट फारच बारीक दिसला तर 25.4 पट करून बघा, मूळ डिझाइन इंचात असेल.

आधी फाइल देणाऱ्याकडे स्टेप फाइल (त्रिकोणांऐवजी खरा सॉलिड आकार साठवणारी कॅड फाइल) मागा. मिळाली तर पुढचं वाचूच नका.

नाही मिळाली, तर फ्रीकॅडच्या मेश वर्कबेंचमध्ये (मेश म्हणजे त्रिकोणांची जाळी, वर्कबेंच म्हणजे साधनांचा संच) तपासणी करून फटी आणि उलटे त्रिकोण दुरुस्त करा. मग पार्ट वर्कबेंचमध्ये 'क्रिएट शेप फ्रॉम मेश', 'कन्व्हर्ट टू सॉलिड' आणि शेवटी 'रिफाइन शेप', याच क्रमाने. रिफाइनमुळे एका पातळीतले त्रिकोण जुळून सपाट बाजू अखंड होतात. गोल भाग मात्र पट्ट्यापट्ट्यांचाच राहतो. लाखभर त्रिकोण असतील तर आधी डेसिमेट करा, म्हणजे त्रिकोणांची संख्या कमी करा, नाहीतर सॉफ्टवेअर हँग होऊन बसेल.

भोकाचं माप डेसिमेट करण्याआधीच घ्या, आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांमधलं घ्या. मेशमधलं भोक गोल नसून बहुभुज असतं. कॅडमधून आलेल्या फाइलमध्ये सहसा त्याचे कोपरे मूळ वर्तुळावर असतात, बाजू थोड्या आत. 8 मिमीचं भोक 24 बाजूंचं झालं असेल तर बाजू ते बाजू 7.93 भरतं, आणि आपण उगाच विचार करत बसतो की हे कुठलं माप!

तुम्हाला भोक मोठंच करायचंय, मग सोपं आहे: त्याच मध्यावर हव्या व्यासाचा सिलिंडर ठेवा आणि 'कट' करा. लहान करायचं असतं तर आधी भोक बुजवून नव्याने पाडावं लागलं असतं.

पण बदल दोन-तीनपेक्षा जास्त असतील तर मी रूपांतराच्या भानगडीत पडत नाही. मेश खाली ठेवून, मापं घेत, पार्ट नव्याने काढतो. साधा ब्रॅकेट असा पटकन होतो आणि पुढे प्रत्येक माप बदलता येतं. फ्यूजन या दुसऱ्या कॅड सॉफ्टवेअरमधला मेश रूपांतराचा प्रिझमॅटिक पर्याय सपाट आणि दंडगोल भाग आपोआप ओळखतो, पण तो मोफत वैयक्तिक परवान्यात मिळत नाही. मूर्ती किंवा चेहऱ्यासारखा आकार असेल तर सॉलिडचा नाद सोडा आणि ब्लेंडर या 3डी मॉडेलिंग सॉफ्टवेअरमध्ये मेशवरच काम करा.