रात्रीचे पैसे रात्रीच

वाचकांचे प्रश्न : गाणं-बजावणं

प्रश्न : मी 29 वर्षांचा आहे. धायरीत राहतो, हिंजवडीत नोकरी करतो. कॉलेजात असल्यापासून अमेरिकाना संगीताचं, म्हणजे अमेरिकेच्या मातीतल्या लोकगीतांच्या वळणाच्या गाण्यांचं, वेड आहे. त्याच धाटणीची मराठी गाणी मी लिहितो, चाली लावतो आणि गातो. आमचा चौघांचा बँड आहे : बास, मेंडोलिन, ढोलकी आणि गिटार घेऊन मी. 11 गाणी तयार आहेत. एका कंपनीने त्यातली सहा गाणी सर्व हक्कांसह, एकरकमी 40 हजार रुपयांना मागितली आहेत. द्यावीत का? आणि नोकरी सोडून पूर्णवेळ यात उतरावं का? (एक वाचक, धायरी)

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा प्रश्नांसाठी, दुसऱ्यांदा त्यातल्या ढोलकीसाठी. अमेरिकाना म्हटलं की फिडल, बँजो, पेडल स्टील डोळ्यांपुढे येतं. तुम्ही तिथे ढोलकी बसवलीत याचा मला मनापासून आनंद झाला. कंट्री, फोक, ब्लूज, गॉस्पेल या सगळ्यांचं पाणी ज्या विहिरीत उतरतं ती ही विहीर. नाव तसं अलीकडचंच. त्या संगीताची संस्था अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात 1999 साली निघाली आणि ग्रॅमीत अमेरिकाना अल्बमचा वेगळा पुरस्कार 2010 पासून मिळू लागला. पण आपल्या गावाचं, आपल्या कष्टाचं गाणं आपणच रचायचं आणि आपणच चार साथीदार घेऊन गायचं, हे शाहिरांच्या मुलखाला कुणी वेगळं शिकवायला नको.

आता 40 हजार. देऊ नका. मला या उत्तरात जराही शंका नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला बरोबरीचा हिस्सा कुठल्याही करारावर सही करून सोडून देता येत नाही. तुम्ही दोन्ही आहात. शब्द आणि चाल यांचे हक्क तुमच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं टिकतात. सहा गाण्यांचं उभं आयुष्य 40 हजारांत मोजायचं का, हे तुम्हीच ठरवा. गाणी छापखान्यातल्या पावतीसारखी फाडून देऊ नका. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं सभासदत्व घ्या, 11 गाण्यांची नोंद करा. आळस करू नका.

जॉन प्राइन या अमेरिकन कवी-गायकाचं उदाहरण देतो, कारण तो माझा फार लाडका माणूस. शिकागोजवळच्या मेवूड गावात तो पोस्टमन होता. पत्रं वाटत फिरताना डोक्यात गाणी रचायचा, संध्याकाळी घरी येऊन लिहून काढायचा. 1970 मध्ये शिकागोच्या एका छोट्या क्लबात तो गात असताना रॉजर ईबर्ट या सिनेसमीक्षकाने त्याला ऐकलं आणि वर्तमानपत्रात गाणाऱ्या पोस्टमनवर लिहिलं. पुढच्याच वर्षी पहिला अल्बम आला, मोठ्या कंपनीकडून. दहा वर्षं तो मोठ्या कंपन्यांकडेच राहिला आणि मग 1981 साली दोन सोबत्यांना घेऊन त्याने स्वतःची छोटी कंपनी काढली, ओ बॉय रेकॉर्ड्स. तिथून त्याचा पहिला अल्बम 1984 मध्ये निघाला, त्यासाठी श्रोत्यांनी टपालाने आगाऊ पैसे पाठवले होते. ज्याने आयुष्यात इतरांची पाकिटं पोचवली, त्याच्या दारात लोकांची पाकिटं आली! त्याच घरच्या कंपनीतून 2018 मध्ये, वयाच्या 71व्या वर्षी, त्याचा शेवटचा अल्बम आला आणि अमेरिकेच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत पाचव्या क्रमांकावर पोचला. त्याच्या एवढ्या अल्बमांपैकी इतक्या वर कुठलाच गेला नव्हता. 2020 च्या एप्रिलमध्ये कोविडने तो गेला, तेव्हा मी घरात दोन दिवस त्याच्याशिवाय काही लावलं नाही.

तुमच्या पत्रात एक शब्द मात्र नाही, आणि मला त्याच्याविषयी बोलायचं आहे. तुम्ही कवी आहात, गायक आहात हे लिहिलंत. तुम्ही बँडचे मालकही आहात. गाणी तुमची, नाव तुमचं, म्हणजे बाकी तिघांच्या पोटाची जबाबदारीही तुमची.

मी 24 वर्षं पुण्यात ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली, त्यातली नऊ वर्षं माझा स्वतःचा ऑर्केस्ट्रा होता. 1994 च्या गणेशोत्सवात एका मंडळाचा कार्यक्रम लागला. कार्यक्रम झाला, लोकांनी तीन गाणी पुन्हा मागून घेतली. पैशांच्या वेळी कार्यकर्ते म्हणाले, विसर्जनानंतर या. माझ्या खिशात आगाऊ मिळालेली रक्कम होती, तिच्यातून मी साउंडवाल्याला आणि टेम्पोला दिलं, कारण ते दोघे भांडले असते. ढोलकीवाला भांडणारा नव्हता. त्याला म्हटलं, पुढच्या आठवड्यात. तो हडपसरला राहायचा, शेवटची बस गेलेली, ढोलकी खांद्याला लावून निघाला. पैसे मी त्याला पंधरा दिवसांनी नेऊन दिले. त्याने चहा दिला, पैसे मोजून घेतले. पुढच्या कार्यक्रमाला बोलावलं तर म्हणाला, तारीख नाही. नंतर कधीच त्याच्याकडे माझ्यासाठी तारीख नव्हती. त्याच्यासारखा ठेका देणारा हात मला पुन्हा मिळाला नाही, आणि ते नुकसान त्या मंडळाने केलं नव्हतं, मी केलं होतं.

म्हणून माझा नियम : रात्रीचे पैसे रात्रीच. आधी वादक, मग साउंड, मग गाडी, उरलं तर आपण. आयोजक बुडवो, पाऊस पडो, वादकाची नाइट, म्हणजे त्या रात्रीचं मानधन, त्याच्या हातात पडल्याशिवाय गिटार पेटीत ठेवायची नाही. त्यासाठी पहिल्यापासून वेगळं खातं उघडा. त्यात चौघांच्या पाच कार्यक्रमांचं मानधन सदैव पडून असलं पाहिजे.

कधी गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला जाऊन या. तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात, गावोगावची मंडळी यात्रेची सुपारी द्यायला येतात. फडमालक कसा बोलतो ते शांतपणे बघत बसा. कलाकारांना हंगामाआधी उचल द्यायची, ट्रक, तंबू, स्वयंपाक, कुणाच्या घरचं आजारपण, हे सगळं डोक्यावर घेऊन तो रात्री बोर्डावर उभा राहतो. अमेरिकेत जो माणूस व्हॅनमागे वाद्यांचा ट्रेलर जोडून, रोज दोनतीनशे मैल काटत, चार माणसांचं जेवण, मोटेल आणि मानधन सांभाळत रात्री गातो, तो फडमालकाचाच भाऊ.

जेसन इस्बेल हे अमेरिकेतल्या अलाबामाचं, स्वतःची गाणी लिहून गाणारं पोरगं. 2007 साली चालत्या बँडमधून बाहेर पडला, स्वतःचा बँड बांधला, पुढे स्वतःच्या कंपनीतून अल्बम काढले आणि अमेरिकाना अल्बमची ग्रॅमी 2016 मध्ये मिळवली, 2018 मध्ये पुन्हा. लोक त्याच्या शब्दांचं कौतुक करतात, करावंच. मला त्याच्यात जास्त मोठं वाटतं ते हे की पोस्टरवर त्याच्या नावाबरोबर बँडचंही नाव असतं. तुमच्या पोस्टरवर ढोलकीवाल्याचं नाव आहे का?

नोकरीविषयी. आत्ता सोडू नका. प्राइनसुद्धा पहिल्यांदा क्लबात गायला तेव्हा टपाल वाटतच होता. वर्षातून 30 कार्यक्रम लागले आणि त्या खात्यातली रक्कम सलग वर्षभर खाली आली नाही, की माझ्याकडे या, आपण पुन्हा बोलू. हा 30 चा आकडा माझ्या अनुभवातला आहे, कुठल्या शास्त्रातला नाही. तोपर्यंत घरगुती मैफली करा. पुण्याला ती जुनी सवय आहे. दिवाणखान्यात 25 माणसं, माइक नको, गाण्याआधी चार वाक्यं, दाराशी एक वही. वहीत प्रत्येकाचं नाव आणि फोन लिहून घ्या. प्राइनला आगाऊ पैसे पाठवणारी माणसं अशाच एकेका नावाने जमली होती.

प्रश्न : माझी मुलगी इंग्रजी गाणी लिहून गिटारवर गाते. ती म्हणते, नॅशव्हिलला जाऊन राहायचं. आम्ही घाबरलो आहोत. काय सांगावं? (एक आई, तळेगाव)

उत्तर : ताई, घाबरू नका. 2016 मध्ये मावसभावाकडे गेलो असताना मी नॅशव्हिलच्या ब्लूबर्ड कॅफेत एक संध्याकाळ काढली. 1982 पासून चालू असलेली ही जागा, बाहेरून दुकानांच्या रांगेतलं एक साधं दुकान. आत सुमारे 90 खुर्च्या. गाणी लिहिणारे चौघे खोलीच्या मध्यभागी तोंडाला तोंड करून बसतात, एकेक जण आळीपाळीने आपलं गाणं गातो, बाकीचे हलकी साथ देतात. बोललात तर शांत राहायला सांगतात. मला आपल्याकडच्या खासगी बैठकीचीच आठवण झाली. मुलीला म्हणा, आधी तीन मैत्रिणी गोळा कर आणि घरच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा असं गोल बसून गा. प्रत्येक वेळी नवं गाणं हवं, जुनं चालणार नाही. वर्षभर हे टिकलं तर तिच्याकडे 12 गाणी असतील. मग तिकिटाचं बोला, आणि तेव्हा तिला अडवू नका.

प्रश्न : पेडल स्टील गिटारचा आवाज फार आवडतो. पुण्यात शिकायला मिळेल का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : वाद्य महाग आणि अवघड. बहुधा दहा तारा, पायाखाली पेडल, गुडघ्याला तरफा. पण त्या आवाजात तुम्हाला जे आवडतं ती आपली मींडच आहे, एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणं. साधी गिटार घ्या, तारा थोड्या उंच करा, मांडीवर आडवी ठेवून लोखंडी बारने वाजवा. आमच्या ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार अशीच वाजायची. ब्रिजभूषण काबरांनी तिच्यावर शास्त्रीय संगीत आणलं, आणि विश्वमोहन भट्टांना त्याच घराण्यातल्या मोहनवीणेवर अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांच्यासोबत 1994 मध्ये ग्रॅमी मिळाली. पहिले सहा महिने फक्त यमन, सावकाश. बार तारेवर अलगद टेकवा, दाबू नका, आणि सुराच्या किंचित खालून वर या.