महापालिका बाहेरचा सल्लागार कसा निवडते? सर्वात कमी दर देणाऱ्यालाच काम मिळतं का?

नाही, निदान सल्लागाराच्या कामात तरी नेहमीच तसं नसतं. आधी कामाची व्याप्ती लिहिली जाते, मग प्रस्ताव मागवतात. प्रस्ताव दोन लिफाफ्यांत येतो: तांत्रिक आणि आर्थिक. आधी तांत्रिक उघडतात आणि अनुभव, कार्यपद्धती, प्रत्यक्ष काम करणारी माणसं यांना गुण देतात. किमान गुण न मिळाल्यास दराचा लिफाफा उघडतही नाहीत.

पुढे भारांकन, म्हणजे तांत्रिक आणि आर्थिक गुणांना किती वजन द्यायचं ते. समजा ८०:२० आहे, म्हणजे तांत्रिकाला ८० टक्के, आर्थिकाला २०. 'अ'ला तांत्रिक ९० गुण, पण दर 'ब'च्या सव्वापट. 'ब'ला तांत्रिक ७५, दर सर्वात कमी म्हणून आर्थिक १००. 'अ'चे आर्थिक गुण ८० (सर्वात कमी दर भागिले 'अ'चा दर, गुणिले १००). एकूण 'अ' ८८, 'ब' ८०. महाग असूनही काम 'अ'ला.

नंतर वाटाघाटी, मंजुरी, करार. छोट्या कामांना बऱ्याचदा आधीच नेमलेल्या पॅनेलमधून घेतात.

माझ्या मते खरी गोम व्याप्तीच्या कागदात असते. 'आवश्यक ते साहाय्य करणे' असं मोघम वाक्य दिसलं की पुढे वाढीव बिलं येणार हे धरूनच चाला. आणि बायोडेटा दाखवलेली माणसंच कामावर येतात का, हे नक्की तपासा. मुलाखतीला ज्येष्ठ तज्ज्ञ आणि कामावर नवखी मुलं, असं फार होतं.