चौघांत जमीन घेण्याआधी

भाऊ, चौघं मिळून जमीन घ्यायची म्हणतोस, तर इसारपावती (बयाणा देऊन करायचा करार) करण्याआधी सातबारा हातात घे. त्यावर 'भोगवटादार वर्ग-2', म्हणजे विक्रीवर सरकारी बंधन असलेली जमीन, असं दिसलं तर तिथंच थांब. आपल्या मराठवाड्यात अशा इनामी (पूर्वी इनाम म्हणून दिलेल्या) जमिनी पुष्कळ आहेत, आणि त्या सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाहीत. शिवाय इथं 1950 चा हैदराबाद कूळ कायदा लागतो. शेतकरी नसलेल्याला, मग ती एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी संस्था) का असेना, परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. एनए, म्हणजे बिगरशेती, झालेलीच बघ.

साध्या भागीदारीत फर्मचं देणं थेट घरादारावर येतं, एलएलपीत ते सहसा भांडवलापुरतं राहतं. चौघांच्या नावानं खरेदीखत तर नकोच. आम्ही तसं केलं होतं; आमच्यातला एकजण वारला आणि वारसांच्या सह्या गोळा करण्यात तीन वर्षं गेली. कोण किती घालणार, मधेच कोणी निघाला तर त्याचा हिस्सा कोणत्या दरानं घ्यायचा, हे करारात आत्ताच लिहून घे.