नारळीकर आवडतात, पण इंग्रजीतली अलीकडची सायफाय-फँटसी पन्नासाव्या पानापुढे सरकत नाही. कुठून सुरू करू?

तुम्ही लिहिलंय की ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ आणि ‘द फिफ्थ सीझन’ दोन्ही अर्धवट पडून आहेत, आणि आपलं इंग्रजीच कमी पडतंय की काय अशी शंका येते. माझ्या मते इंग्रजी कमी पडत नाहीये, पुस्तकांचा क्रम चुकलाय. नारळीकरांच्या कथेत जग आपलंच असतं, त्यात एखादीच गोष्ट बदललेली असते आणि लेखक ती शेजारी बसून समजावून सांगतो. हल्लीचे बरेच लेखक नेमकं उलटं करतात. आधी जगात ढकलून देतात, खुलासा मागाहून. त्यात पानोपानी असे शब्द येतात की वाचक शब्दकोश उघडतो आणि तिथे काहीच सापडत नाही, कारण तो शब्द लेखकाने घडवलेला असतो. अशा शब्दावर थांबायचं नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी संदर्भावरून तो आपोआप लागतो.

सुरुवात अँडी विअरच्या ‘प्रोजेक्ट हेल मेरी’ने (२०२१) करा. पावणेपाचशे पानं आहेत, पण भराभर उलटतात. नायक यानात जागा होतो तेव्हा त्याला स्वतःचं नावही आठवत नाही, त्यामुळे त्याला जे कळतं तेच आणि तेव्हाच आपल्याला कळतं. वस्तू खाली जरा जास्तच जोरात पडतायत असं वाटून तो टेप आणि स्टॉपवॉच घेतो, पडण्याचा वेळ मोजतो आणि गुरुत्वीय त्वरण काढतो. उत्तर येतं १५ मीटर प्रति सेकंद वर्ग. पृथ्वीवर ते ९.८ असतं. मग आपण फिरत्या यंत्रात तर नाही ना, हे तपासायला तो दोरीचा लंबक करतो आणि वेगवेगळ्या उंचीवर टांगून बघतो, कारण तसं असेल तर उंचीप्रमाणे आंदोलनाचा वेळ बदलायला हवा. दहावीचं विज्ञान आठवत असेल तर एवढं पुरे. दोष सांगायचा तर प्रत्येक अडचण वीसेक पानांत सुटते आणि विनोद अधूनमधून शाळकरी होतात.

फँटसीत शिरायला सुझॅना क्लार्कची ‘पिरानेसी’ (२०२०) घ्या. २०२१चं विमेन्स प्राइझ, म्हणजे लेखिकांच्या इंग्रजी कादंबऱ्यांसाठीचा पुरस्कार, हिला मिळालं. जेमतेम पावणेतीनशे पानं, आणि मालिका नाही. अंतहीन दालनांचं एक घर, खाली समुद्र, वर ढग, सगळीकडे पुतळे. नायकाच्या रोजनिशीत सन नाही, ‘अल्बाट्रॉस (एक समुद्रपक्षी) नैऋत्येच्या दालनांत आला ते वर्ष’ अशी कालगणना आहे. पहिली चाळीस पानं नुसते पुतळे आणि भरती-ओहोटी बघून लोक कंटाळतात. तिथे दोन गोष्टींवर नजर ठेवा: कुठल्या साध्या नामांना तो मोठं (कॅपिटल) अक्षर वापरतो (त्याची भक्ती तिथे दिसते), आणि त्याच्या वह्यांवरचे क्रमांक. रहस्य त्या वह्यांत आहे.

रहस्यकथांची आवड असेल तर रॉबर्ट जॅक्सन बेनेटची ‘द टेंटेड कप’ (२०२४) मध्येच वाचून टाका. श्रीमंताच्या वाड्यात एका अधिकाऱ्याच्या शरीरातून झाड उगवून तो मरतो, आणि तपास करणारी बाई डोळ्यांवर पट्टी बांधून बसते. २०२५चा ह्यूगो, म्हणजे सायफाय-फँटसीतला मानाचा पुरस्कार, याच कादंबरीला मिळाला.

आता तुमची अडलेली पुस्तकं. ‘थ्री-बॉडी’ मूळ चिनी कादंबरी, तिच्यात घोळ होतो तो नावांचा. चिनी आडनाव आधी येतं, म्हणून ये वेनजिएमधलं ‘ये’ हे आडनाव. तीनच नावं लक्षात ठेवा: ये वेनजिए, वांग म्याओ आणि पोलीस दा शी. बाकीच्यांसाठी पुस्तकाच्या सुरुवातीला पात्रांची यादी आहे. तीन सूर्यांच्या व्हिडिओ गेमची प्रकरणं चाळून पुढे जाऊ नका. माणसं वाळवून पापडासारखी गुंडाळून ठेवतात हे वाचताना हसू येतं, पण कथेचं उत्तर तिथेच आहे. पात्रं पुठ्ठ्याची वाटतील. पण कल्पना पुढे आणि माणूस मागे, याची नारळीकरांच्या वाचकाला सवय असते.

‘फिफ्थ सीझन’ अवघडच आहे. एन. के. जेमिसिनच्या ज्या त्रयीचं हे पहिलं पुस्तक, तिला २०१६ ते २०१८ सलग तीन ह्यूगो मिळाले, पण म्हणून ती पहिल्यांदा वाचायची नसते. प्रस्तावनेतलं प्रकरण समजलं नाही तरी पुढे जा आणि शंभर पानांनंतर पुन्हा वाचा. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची आहे. ई-बुकवर ती बहुतेकांना पुस्तक संपल्यावरच सापडते. कादंबरीतला एक धागा इंग्रजी ‘यू’ला उद्देशून आहे. मराठीत आणायचं तर पहिल्याच पानावर ‘तू’ की ‘तुम्ही’ हे ठरवावं लागेल, आणि बोलणारा कोण हे गुपित तिथेच थोडं फुटेल.

इतकं झालं की आर. एफ. क्वांगची ‘बेबल’ (२०२२). १८३०च्या दशकातलं ऑक्सफर्ड, आणि जादू भाषांतराची: चांदीच्या पट्टीवर दोन भाषांतले जोडशब्द कोरायचे, भाषांतरात जे निसटतं ते पट्टीतून प्रत्यक्षात उतरतं. ‘माहेर’ला इंग्रजी शब्द शोधून बघा, कल्पना लगेच कळेल. कोरणाऱ्याला दोन्ही भाषा रक्तात भिनलेल्या लागतात, म्हणून साम्राज्याला वसाहतींतली मुलं हवी असतात. कल्पना अफलातून, पण तळटीपा फार शिकवतात. वाचकाला स्वतःहून काही कळेल यावर क्वांगबाईंचा विश्वास नाही.

श्रीलंकेच्या वज्र चंद्रशेखर यांची ‘द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स’ (२०२३, सायफाय-फँटसीचा नेब्युला पुरस्कार विजेती) शेवटी ठेवा. जन्मताच आई पितळी खिळ्याने मुलाची सावली जमिनीला ठोकते आणि त्याच्यापासून फाडून काढते, इथून सुरुवात. मधे कथानक भरकटतं, तिथे पुस्तक मिटू नका. नायकाचं नाव फेटर, म्हणजे बेडी. बाप घर सोडून गेलेला, अनुयायांनी पूजलेला धर्मपुरुष. सिद्धार्थाने मुलाचं नाव राहुल, म्हणजे बंधन, का ठेवलं ही गोष्ट तुम्हाला माहीत असेल, तर अमेरिकन वाचकाला कित्येक पानांनंतर लागणारा धागा तुमच्या हातात पहिल्या प्रकरणापासूनच असेल.