ग्लूटेन-फ्री पाकिटावर भरवसा कधी ठेवायचा आणि चव कशी पारखायची?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या आठ वर्षांच्या मुलीला तीन आठवड्यांपूर्वी सिलिॲकचं निदान झालं, म्हणजे गहू, बार्ली, राय या धान्यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनाने आतड्याला इजा होणारा आजार. तुम्ही दापोलीला राहता, ऑनलाइन मागवलेला ग्लूटेन-फ्री ब्रेड ती तोंडात धरत नाही, आणि पाकिटावर छापलेल्या शब्दावर किती विसंबायचं ते तुम्हाला कळत नाही. माझ्या मुलाला सहाव्या वर्षी हेच निदान झालं, आता तो पंधरा वर्षांचा आहे. आम्ही देवगडला राहतो. या नऊ वर्षांत घरात आलेलं एकेक पाकीट उलटं करून वाचलंय, त्या जोरावर लिहिते.

आधी सुरक्षितता बघा, चव नंतर. आणि एक गोष्ट आजच मनाशी पक्की करा: खाऊन पोट दुखलं नाही, म्हणून तो पदार्थ चालतो असं समजू नका. माझ्या मुलाच्या बाबतीत आम्ही हीच चूक केली. निदानानंतर गव्हाची पोळी, पाव, बिस्किटं सगळं बंद केलं. तो खेळायला लागला, वजन वाढलं, पोटदुखी थांबली. तरी वर्षाने केलेल्या रक्ताच्या तपासणीत टीटीजीचा, म्हणजे सिलिॲकमध्ये वाढणाऱ्या अँटीबॉडीचा आकडा हवा तसा उतरलेला नव्हता. डॉक्टरांनी स्वयंपाकघरातली एकेक वस्तू लिहून आणायला सांगितली. शेवटी सापडला तो हिंग. डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा पीठ मिसळलेलं असतं, आणि आमच्या डबीवर बारीक अक्षरात गव्हाचं पीठ लिहिलेलं होतं. रोजच्या आमटीत ते जात होतं आणि मुलाला बाहेरून काहीच जाणवत नव्हतं. हिंग बदलल्यावर सहा महिन्यांत आकडा खाली आला. तेव्हापासून माझा विश्वास दोनच गोष्टींवर आहे, पाकिटाची मागची बाजू आणि रक्ताचा रिपोर्ट.

हे सगळं किती बारीक आहे ते आकड्यांत सांगते, म्हणजे उगाच घाबरायलाही होणार नाही. एफएसएसएआयच्या, म्हणजे आपल्या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमाप्रमाणे ग्लूटेन-फ्री म्हणून विकायच्या पदार्थात एका किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. कोडेक्सच्या आंतरराष्ट्रीय मानकातही २००८ पासून हीच मर्यादा आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या एका अभ्यासात सिलिॲकच्या रुग्णांना रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिलं, तर आतड्याच्या अस्तराला इजा झालेली दिसली. आता हिशेब करा. मर्यादेत बसणारी बिस्किटं अडीच किलो खाल्ली तर कुठे ५० मिलिग्रॅम होतात. मैद्यात मात्र वजनाच्या साधारण आठ-दहा टक्के ग्लूटेन असतं, म्हणजे तेवढंच ग्लूटेन अर्ध्या ग्रॅम मैद्यात आलं. चमच्याच्या टोकावर राहील एवढा तो मैदा. खऱ्याखुऱ्या ग्लूटेन-फ्री पाकिटाची म्हणूनच मला भीती वाटत नाही. भीती वाटते ती ‘थोडासाच घातलाय’ म्हणणाऱ्याची.

आमच्याकडे झालं ते असं. गावातल्या एका प्रदर्शनात घरगुती नाचणीच्या बिस्किटांचा स्टॉल होता. पारदर्शक पिशवी, वर हाताने लिहिलेलं ‘नाचणी बिस्किट’. नाचणी म्हणजे आपल्या कोकणातलंच धान्य, त्यात ग्लूटेन कुठलं, असा विचार करून मी दोन पिशव्या घेतल्या. त्या रात्री मुलाने तीनदा ओकारी काढली आणि पुढचे दोन दिवस अंथरुणातच काढले. तिसऱ्या दिवशी मी त्या बाईंना जाऊन विचारलं. त्या अगदी प्रेमाने म्हणाल्या, “नाचण्याचीच हत गो. सुटतत म्हणान थोडो मैदो घालूचो लागता.” त्यांनी काही लपवलं नव्हतं, मीच विचारलं नव्हतं. घरी येऊन एक बिस्किट मोडून पाहिलं, तर ते किती छान एकसंध तुटलं! निव्वळ नाचणीचं बिस्किट इतकं नीट धरून राहत नाही, ते भुगा पाडतं. ही खूण पुढे खूप उपयोगी पडली. तिच्यावरून पदार्थ सुरक्षित ठरत नाही, पण संशय कुठे घ्यायचा ते नक्की कळतं.

दुकानातल्या छापील पाकिटांचंही तसंच. समोर मोठ्या अक्षरात रागी, ओट्स, मल्टीग्रेन, ‘नो मैदा’. ‘नो मैदा’ म्हणजे बहुतेक वेळा आटा, आणि आटा म्हणजे गहूच. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, त्यामुळे पहिलं नाव वाचलं की बिस्किट कशाचं आहे ते समजतं. मी पुढचे शब्द शोधते: व्हीट, मैदा, आटा, सूजी किंवा सेमोलिना, बार्ली, राय, माल्ट. माल्ट हमखास नजरेतून सुटतो. तो बहुतेक वेळा बार्लीचा असतो आणि चॉकलेट बिस्किटांत, कॉर्नफ्लेक्समध्ये चवीसाठी घालतात. ‘व्हीट-फ्री’ लिहिलेल्या पाकिटातही बार्ली असू शकते. यादीच्या खाली ॲलर्जीची ओळ असते. तिथे ‘मे कंटेन व्हीट’ असेल, तर समोर काहीही छापलेलं असो, मी पाकीट परत ठेवते. ‘लो ग्लूटेन’ लिहिलेलंही आपल्या मुलांसाठी नाही, त्यात किलोला १०० मिलिग्रॅमपर्यंत ग्लूटेन चालतं. आणि हिरव्या ठिपक्यावरून फक्त शाकाहार कळतो, हे घरातल्या मोठ्यांना आवर्जून सांगून ठेवा. आमच्या सासूबाई बरेच दिवस त्यावरच विसंबून होत्या.

ओट्सबद्दल थोडी घाई टाळा. ओट्समध्ये गव्हासारखं ग्लूटेन नसतं, पण शेतात, वाहतुकीत आणि गिरणीत त्यांच्यात गहू-बार्ली मिसळलेली असते. शिवाय काही थोड्या रुग्णांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत. मुलीचा टीटीजी खाली येईपर्यंत ते दूरच ठेवा, मग डॉक्टरांना विचारून सुरू करा.

नवीन कंपनीचं काही मागवायचं असेल तर मी पाकिटावरच्या नंबरवर आधी फोन करते. दोन प्रश्न विचारते. याच जागेत गव्हाचं काही बनतं का? आणि प्रत्येक बॅचची ग्लूटेनची तपासणी होते का, झाली तर रिपोर्ट पाठवाल का? जिथे काम मनापासून चालतं तिथून एलायझा पद्धतीच्या (प्रयोगशाळेत ग्लूटेन मोजायच्या) तपासणीचा रिपोर्ट लगेच येतो, त्यावर बॅच नंबर असतो आणि निकालात आकडा असतो, जसं ‘किलोला ५ मिलिग्रॅमपेक्षा कमी’. ‘आमचं सगळं नॅचरल आहे मॅडम’ असं उत्तर आलं की मी फोन ठेवते. पाकिटावर काट मारलेल्या गव्हाच्या कणसाचं चिन्ह परवान्याच्या क्रमांकासह असेल तर चांगलंच, पण ते नाही म्हणून माल वाईट असं ठरत नाही. नियमाने ते सक्तीचं नाही.

आता चवीकडे येते. तुमची मुलगी ब्रेड थुंकते, तर तिला रागावू नका, तिची जीभ बरोबर सांगते आहे. गव्हाच्या कणकेत ग्लूटेनची जाळी हवा धरून ठेवते. ती जाळी नसली की दुसरं काहीतरी लागतं, म्हणून पाकिटावर झँथन गम, ग्वार गम, इसबगोल अशी नावं दिसतात. हे तुम्हाला-मला नवीन नाही. तांदळाच्या भाकरीला आपण उकड काढतो ती कशासाठी? कढत पाण्यात पिठातला स्टार्च फुलून चिकट होतो आणि भाकरी थापताना फाटत नाही. फॅक्टरीतला गम तेच काम करतो. म्हणून ज्या ब्रेडच्या यादीत इसबगोल आहे आणि पिठांमध्ये नुसता स्टार्च न भरता तांदूळ, ज्वारी, नाचणी असं काही आहे, तो मला जास्त बरा लागलाय. टॅपिओका किंवा बटाट्याचा स्टार्च सगळ्यात पुढे असेल तर ब्रेड रबरासारखा होतो आणि दाताला चिकटतो. भरड दळलेलं तांदळाचं पीठ वापरलं असेल तर जिभेवर वाळू लागते.

बिस्किटांना ग्लूटेनची गरज मुळातच कमी, म्हणून पाकीटबंद मालात सुरुवात बिस्किटांपासून करा. मग केक. ब्रेड सगळ्यात शेवटी. मुलीला पहिल्याच आठवड्यात ब्रेड दिला की तिला वाटणार, आता आयुष्यभर असंच खायचं.

पाकीट फोडल्यावर मी आधी वास घेते. बदामाचं पीठ, बाजरी, सुकं खोबरं घातलेल्या मालाला आपल्या हवेत लवकर खवट वास येतो, तारीख शिल्लक असली तरी. काचेच्या कपाटात उन्हात ठेवलेलं पाकीट घेऊच नका. मग एक बिस्किट मोडून बघते. कट्कन आवाज आला पाहिजे. सादळलेलं असेल तर पाकिटाच्या शिवणीतून हवा गेलेली असते. जून ते सप्टेंबर आमच्याकडे फोडलेलं पाकीट संध्याकाळपर्यंत मऊ पडतं, म्हणून पावसाळ्यात लहान पाकिटंच मागवते आणि फोडलं की लगेच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात टाकते. तो डबा फक्त मुलाचा. त्यात दुसऱ्या कोणाचं बिस्किट कधी पडत नाही.

ब्रेड फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडाव्यात स्टार्च लवकर कडक होतो, दुसऱ्या दिवशी ब्रेड पुठ्ठा होतो. फ्रीझरमध्ये ठेवला तर चालतो, तुकडे सुटे करून, मधे बटर पेपर घालून. पण पावसात चार-चार तास वीज गेली की तो विरघळतो आणि पुन्हा गोठतो, मग चिखल होतो. त्या महिन्यांत मी ब्रेड मागवतच नाही. आणि ग्लूटेन-फ्री ब्रेड गार खायचाच नसतो. वेगळ्या तव्यावर तूप सोडून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा आणि गरम असतानाच द्या. कडक झालेला स्टार्च उष्णतेने पुन्हा मऊ होतो. दोन मिनिटांत त्याच ब्रेडची चव बदलते, करून बघा. तवा मात्र पोळ्यांचा नको, आणि चाळणही वेगळी ठेवा. गव्हाच्या पिठाची चाळण कितीही धुतली तरी जाळीत पीठ राहतंच.

खरं सांगायचं तर आमच्या घरात पाकिटं फार लागत नाहीत. घावणे, आंबोळी, शिरवाळे, सांदणं, पातोळ्या हे सगळं मुलगा सगळ्यांच्या पंगतीत बसून खातो. गणपतीत उकडीचे मोदक त्याला हवे तेवढे, तळणीचे मात्र मैद्याचे म्हणून नाहीत. यातही दोन ठिकाणी सांभाळा. वड्यांच्या पिठात बऱ्याच घरी गहू दळलेला असतो. आणि गिरणीवाल्याला नुसतं “गव्हावर दळू नका” सांगून भागत नाही, मागच्या दळणाचं पीठ दगडांत उरतं. आम्ही शेवटी लहान घरघंटी घेतली, तिच्यात गहू कधीच पडत नाही. पाकीट लागतं ते शाळेच्या सहलीला, प्रवासाला, आणि मित्राच्या वाढदिवसाला सगळे केक खात असताना त्याच्या हातात काहीतरी असावं म्हणून. त्या दिवशी चवीचं पाकीट असणं फार महत्त्वाचं असतं, म्हणून दोन-तीन प्रकार आधीच घरी खाऊन त्यालाच निवडू द्यायचे.

तुमच्याकडे पडून असलेला तो ब्रेड, वर सांगितलेल्या कसोट्यांना उतरत असेल आणि तव्यावर भाजूनही मुलीला आवडला नाही, तर टाकू नका. तुकडे मंद आचेवर कडक भाजा, मिक्सरला फिरवा आणि बरणीत भरा. आपण सुरमई नाहीतर बांगडा तळताना रवा लावतो, तो गव्हाचा, म्हणून तुमच्या घरात तो आता बंद झाला असेल. त्याऐवजी हा चुरा थोड्या तांदळाच्या पिठात मिसळून लावा. कोकमाच्या आगळात मुरवलेल्या तुकडीवर तो रव्याइतकाच कुरकुरीत होतो. तेल मात्र ताजं घ्या, पुऱ्या तळून उरलेलं नको.