रीसेट न संपणारे जुने पिनबॉल यंत्र: बिघाड कोठे शोधावा

नमस्कार. गोव्यातल्या डिचोलीहून आपण कळवलेली लक्षणे थोडक्यात अशी आहेत: यंत्र सत्तरच्या दशकातले, एका खेळाडूचे, चार रिळांचे (गुण दाखवणारी ० ते ९ आकड्यांची चाके), अमेरिकन बनावटीचे; सुरुवातीचे बटण दाबले की स्कोअर मोटर (स्विचांना ठरावीक क्रमाने दाबणारी मोटर) फिरू लागते आणि थांबतच नाही; दहाचे रीळ खटखटत राहते आणि चेंडू बाहेर येत नाही. कोरड्या दिवसांत कधीकधी खेळ सुरू होतो, पाऊस लागला की पुन्हा तेच. वायरमनने रीसेट रिले (खेळापूर्वी रिळे शून्यावर आणण्याचा क्रम चालवणारा, विजेने ओढला जाणारा स्विच) बदलण्याचा सल्ला दिला आहे. तो रिले सध्या काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो ओढला जातो आणि मोटर चालवतो, म्हणजे आपले काम तो करतो आहे. ज्या अटीवर त्याने सुटायचे, ती अट पूर्ण होत नाही.

या यंत्रांत संगणक नाही. रीसेटचा क्रम संपूर्णपणे स्विचांवर चालतो. बटण दाबल्यावर स्टार्ट रिले ओढला जातो, त्याच्यामुळे रीसेट रिले, आणि त्याच्यामुळे स्कोअर मोटर. मोटरवरच्या कॅम (उंचवटे असलेल्या चकत्या) एका आवर्तनात बहुतेक यंत्रांत पाच ठोके देतात, आणि प्रत्येक ठोक्याने रिळाचे कॉइल (तारेचे विद्युतचुंबक) प्लंजर (त्यातला लोखंडी दांडा) ओढून रीळ एक आकडा पुढे सरकवते. शून्यावर पोहोचलेल्या रिळाचा शून्य-स्विच स्वतःच्या कॉइलचा मार्ग तोडतो. रीळ शून्यापासून जास्तीत जास्त नऊ आकडे दूर असू शकते. म्हणून निरोगी यंत्रात रिळांचे काम दोन आवर्तनांत आटोपते. आपल्याकडे मोटर त्याहून अधिक फिरते, याचा अर्थ कोणते तरी रीळ ‘मी शून्यावर आहे’ असे सांगत नाही किंवा त्याचे सांगणे पुढे पोहोचत नाही.

हे सांगणे दोन प्रकारे जोडलेले आढळते. काही यंत्रांत शून्यावर नसलेल्या रिळांचे स्विच जोडलेले राहतात आणि ते समांतर असल्यामुळे एक जरी जोडलेला राहिला तरी रीसेट रिले सुटत नाही. काहींत उलट, शून्यावर आल्यावर जोडले जाणारे स्विच एकसरीत (एकामागोमाग) असतात आणि त्यांतला एकही जोडला गेला नाही तर पुढचे पाऊल पडत नाही. पहिल्या प्रकारात चुकीच्या वाकलेल्या पत्तीचा (स्विचच्या धातूच्या पट्टीचा) संशय आधी घ्यावा, दुसऱ्यात मळलेल्या कॉन्टॅक्टचा (पत्त्या एकमेकींना टेकतात त्या बिंदूचा). आपले यंत्र कोणत्या प्रकारचे आहे ते वायरिंगच्या आकृतीवरून ठरवा. आकृतीच्या कोपऱ्यात यंत्र कोणत्या स्थितीत धरून ती काढली आहे याची टीप असते. ती टीप न वाचता स्विच उघडा (तुटलेला) की बंद (जोडलेला) हे ठरवू लागलात, तर सर्व निष्कर्ष उलटे निघतील.

आता तपासणी. प्लग काढून ठेवा. कॉइलचे २४ व्होल्ट (काही यंत्रांत ५०) फारसे धोक्याचे नसले तरी तळातल्या मुख्य तारांत पूर्ण दाब असतो, आणि जुन्या अमेरिकन यंत्रांच्या दोन तारांच्या दोरीला अर्थिंग नसते. मागच्या पेटीतील चारही रिळे प्लंजर हाताने दाबून शून्यावर आणा, मग वीज देऊन बटण दाबा. रीसेट सुरळीत संपून चेंडू आला तर दोष रिळे पुढे सरकण्यात आहे. मोटर तरीही फिरत राहिली तर दोष शून्य-स्विचांत, मोटरच्या घर-स्विचात (तिला मूळ जागी थांबवणाऱ्या स्विचात) किंवा चेंडू मोजणाऱ्या स्टेपर युनिटच्या शून्य-स्विचात आहे. या एका चाचणीने शोधाचे क्षेत्र निम्मे होते, म्हणून कोणतीही पत्ती वाकवण्याआधी ती करावी. अर्ध्या मिनिटापेक्षा अधिक काळ मोटर अशी चालू ठेवू नये, कारण एवढा वेळ ठोके खाण्यासाठी ती कॉइल्स बनवलेली नाहीत.

त्यानंतर फक्त दहाचे रीळ नऊ पावले मागे, म्हणजे १ या आकड्यावर, ठेवून तेच करा आणि रिळाकडे नीट पाहा. रीळ शून्य ओलांडून पुढे जात असेल, तर शून्यावर उघडायचा स्विच उघडत नाही. एखाद्या आकड्यावर मुकाट उभे असेल, तर ठोका कॉइलपर्यंत पोहोचत नाही. एकाच आकड्यावर खटखटत असेल, तर ठोका येतो पण प्लंजर पूर्ण ओढले जात नाही, किंवा खटका दातेरी चाकाचा पुढचा दात पकडत नाही. आपल्या वर्णनावरून मला हा तिसरा प्रकार वाटतो, आणि त्याचा ओलाव्याशी सरळ संबंध लागतो.

गोव्यात जून ते सप्टेंबर हवा सतत दमट असते, आणि किनाऱ्याजवळच्या घरांत तिच्यात मीठही असते. चांदीच्या कॉन्टॅक्टवर काळसर थर चढतो, स्विचांचे स्क्रू गंजतात, कनेक्टरच्या पिना मळतात. अशा वाटेने आलेला ठोका दुबळा होतो: प्लंजर हलते, आवाज करते, पण शेवटपर्यंत जात नाही. त्यातच रिळात कोणी पूर्वी तेल घातलेले असेल, तर ते आता चिकट झालेले असते. रीळ सुटे करून खटक्याची व दातेरी चाकाची बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि तेथे नवे तेल अजिबात घालू नका. कॉन्टॅक्टसाठी लवचीक घासपट्टी किंवा अतिशय बारीक पॉलिश पेपरची चिंधी दोन बिंदूंमध्ये धरून हलकेच ओढा. जाड काचकागदाने चांदी निघून जाते आणि बिघाड कायमचा होतो.

पत्त्यांची जुळणी करण्याआधी स्विचच्या थप्पीचे (एकावर एक बसवलेल्या पत्त्यांच्या गठ्ठ्याचे) स्क्रू घट्ट करावेत. ढिल्या थप्पीत केलेली जुळणी टिकत नाही, आणि इतकी साधी गोष्ट वगळल्यामुळे चांगले स्विच वाकडे झालेले मी पुष्कळ पाहिले आहेत. उघडलेल्या बिंदूंमध्ये साधारण दीड मिलिमीटर अंतर असावे, आणि जोडले गेल्यावर दुसरी पत्ती किंचित मागे ढकलली जावी, म्हणजे बिंदू एकमेकांवर घासून स्वतःला स्वच्छ ठेवतात. मल्टिमीटरने तपासताना समांतर वाटा फसवतात. संशयित नसलेल्या स्विचांत कागदाचा तुकडा सरकवून त्या वाटा तोडाव्यात.

विजेकडेही लक्ष द्या. यंत्र ११० व्होल्टचे असून आपण स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर वापरत असाल, तर त्याचा दाब कॉइल ओढली जात असतानाच मोजा. रिकाम्या स्थितीतला आकडा कामाचा नाही. ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर अधिक गुणगुणतो व तापतो, आणि मोटर काहीशी सावकाश फिरते. एवढ्याने रीसेट अडत नाही. फ्यूज मात्र लेबलवर लिहिलेल्या क्षमतेचाच असावा.

चारही रिळे निर्दोष ठरली, तर मोटरचा घर-स्विच आणि मागची पेटी व तळ यांना जोडणारे मोठे कनेक्टर पाहा. रीसेट रिलेची पट्टी वीज काढल्यावर आपोआप मागे येते का, तेही बघा; तिची स्प्रिंग मेली असेल तरच वायरमनच्या सल्ल्याकडे परत वळता येईल.

वरील दोन चाचण्यांत रिळे कशी वागली ते, आणि आकृतीतील शून्य-स्विचांच्या भागाचे स्पष्ट छायाचित्र येथे टाकावे. त्यावरून कोणत्या रंगाची तार कोणत्या पत्तीपर्यंत तपासायची ते नेमके सांगता येईल.